समुद्राचा अनुशेष

वि. म. दांडेकर समितीनं १९८४ साली महाराष्ट्राचा अनुशेष मोजला. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य असं सगळं जोखून राज्यभराचा आकडा काढला ३,१८६ कोटींचा. विदर्भातल्या पुढाऱ्यांनी तो तोंडपाठ केला. वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र किती आला, हे मात्र समितीनं मोजलं नाही आणि पुढाऱ्यांनीही कधी विचारलं नाही.

विचारतात ती वर्ध्याची पोट्टी, तेही मे महिन्यात. पारा पंचेचाळिशीला टेकला, कूलरच्या ताट्यांवर ओतलेलं पाणी खाली पोचायच्या आत उडू लागलं, की रामनगरापासून आर्वी नाक्यापर्यंत घरोघरी कोकणाचा विषय निघतो. सरकारनंही सोय करून ठेवलीच आहे. २०२१ साली राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं. झोपायला पलंग, रांधायला ओटा, कोपऱ्यात संडास, असं चाकांवरचं घर घेऊन वाटेल तिथं उतरा! अडचण एवढीच, की अशी भाड्याची घरं बहुतेक मुंबई-पुण्याकडं मिळतात. घरात शिरण्यासाठीच वर्धेकराला आधी साडेसहाशे किलोमीटर जावं लागतं.

म्हणून वर्धेकर स्वतःची कॅराव्हॅन तयार करतो. गावातली टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची, मागच्या सीटांवर गाद्या टाकायच्या, वीस लिटरचे पाण्याचे जार, छोटं सिलिंडर, कुरड्या आणि शेवेचा डबा घ्यायचा. कोकणात जेवण गोडच मिळतं, अशी काकूंची ठाम समजूत. त्यामुळं भिवापुरी मिरचीचं तिखट दोन किलो. संडासाचा कोपरा तेवढा या आवृत्तीत नसतो. तो पेट्रोल पंपांवर सोपवलेला असतो.

येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढलं, की पुढं सारं सुसाट. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पोट्टी झोपेतून उठेपर्यंत गाडी आमण्याला उतरते. तिथं समृद्धी संपते.

पनवेलच्या पुढं मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला गेला. तेव्हा पहिलीत गेलेलं पोरगं आता कॉलेजात आहे आणि रस्ता अजून नापासच होतो आहे. मुदती झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले, हायकोर्टाच्या कानउघाडण्या झाल्या. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल तर १६ ऑक्टोबर २०२३ ला बांधता बांधताच कोसळला. सुट्टीतल्या शनिवारी माणगावात गाडी एकदा अडकली, की काकू खाली उतरून मटकी निवडून परत गाडीत चढतात आणि गाडी त्याच टपरीसमोर उभी असते.

समुद्राकडं निघालेल्या प्रवासात आजवर सर्वांत काटेकोर ठरला तो गांधीजींचा. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघून २४१ मैल चालत ५ एप्रिलला ते दांडीला पोचले. मुक्काम आधीच ठरलेले. पुढं गेलेली तुकडी गावागावांतली सोय बघून ठेवी. कॅराव्हॅन धोरणाला अजून जमवायचं आहे ते नियोजन तेव्हा चाकांवरच्या घराशिवायच झालं. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही, हा पण करूनच ते निघाले होते. म्हणून पुढं वर्ध्याला आले आणि १९३६ पासून सेवाग्रामात राहिले. समुद्राकडचा देशातला सर्वांत गाजलेला प्रवास करून आलेला माणूस वर्ध्यात स्थायिक झाला. याचा बोध कोकणाच्या बुकिंगपूर्वी घ्यायला हरकत नसावी.

रस्ता नको तर रेल्वे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोकण रेल्वेनं कोलाड ते वेर्णा मोटारी वाहून नेणारी गाडी सुरू केली. एका फेरीत ४० मोटारी, भाडं तेव्हा प्रत्येकी ७,८७५ रुपये. मोटारीत मात्र बसता येत नव्हतं, माणसांनी वेगळ्या डब्यात बसायचं. चाकांवरचं घर उद्या अशा गाडीवर चढलंच, तर घर वाघिणीवर आणि घरमालक डब्यात, अशी भाडेकरूसारखी अवस्था!

किनाऱ्यावर पोचल्यावर गाडी थेट वाळूत घालायची हौस अनेकांना आवरत नाही. २०२४ सरता सरता रेवदंड्याच्या वाळूत कुणाची तरी फेरारी रुतली. ती बैलगाडीला बांधून बाहेर काढली गेली आणि देशभर तो व्हिडिओ फिरला. पोळ्याला बैल सजवणाऱ्या वर्धेकराला त्यात नवल वाटलं नाही. त्यानं फक्त बैलाची जात विचारली.

खरी गोची तारखांची आहे. मेभर घरात लग्नं. निघायला जून उजाडतो. उन्हापायी विदर्भाच्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडं उघडतात, त्यामुळं सुट्टी शिल्लक असते. तेव्हा कोकणात गर्दी नाही, खोल्या स्वस्त. पण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा आणि जलक्रीडा बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ताटातला पापलेट बर्फातला. मालवणच्या जेटीवर आजी छत्री सावरत विचारते, ‘‘बंद म्हंजे? समुद्र काय बँक आहे का बाप्पा?’’

‘‘आजी, आता सप्टेंबरात येवा,’’ होडीवाला सांगतो.

सप्टेंबरात शाळा असते. तेव्हा हा प्रश्न विधिमंडळात मांडून विदर्भापुरता समुद्र जूनअखेरपर्यंत चालू ठेवण्याचा शासन निर्णय काढून घ्यावा, असा ठराव परतीच्या वाटेवर गाडीतच मंजूर झाला. त्यासाठी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची वाट पाहावी लागेल. डिसेंबरात समुद्र उघडा असतो, रस्ताही कोरडा असतो. फक्त ज्यांच्या दाराशी समुद्र आहे ते सगळे मंत्री तेव्हा विदर्भात आलेले असतात, आणि त्यांना उत्सुकता असते संत्र्याची न् ताडोब्याच्या वाघाची.