तुम्ही आहातच

बढतीचं पत्र हातात पडलं त्या दिवशी सरांनी पेढे वाटले आणि वाशीमला जाऊन एक शिट्टी विकत आणली. पेढे मधल्या सुट्टीपर्यंत संपले. शिट्टी मात्र शाळेला दिवाळीपर्यंत सोसावी लागली.

सरांचं नाव इथं मुद्दाम देत नाही. शिरपूर जैनसारख्या मोठ्या गावात, जिथं शाळेचा पट जरा बरा आहे, तिथं उपमुख्याध्यापकाचं पद असतं, आणि जिथं ते पद असतं तिथं हे गृहस्थ असतातच. चष्म्याची फ्रेम काय ती वेगळी.

पत्र येईपर्यंत हे भूगोल शिकवत, आणि बरा शिकवत. मधली सुट्टी संपल्यावर चहाचा शेवटचा घोट घेऊन सगळ्यांत शेवटी वर्गाकडे निघणारा माणूस, असा त्यांचा स्टाफरूममध्ये लौकिक होता. पत्र आलं आणि चालच बदलली. शर्ट पँटीत गेला, खिशाला चार रंगांचं पेन लागलं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं शाळेतून केव्हाच नाहीशी झालेली. उरलेल्यांनी जी कपाटं उघडायची, त्यांत उघडून बघावं असं काही नव्हतं. शाळेचा शिक्का मुख्याध्यापकांच्या ज्या ड्रॉवरमध्ये राहतो, त्याची किल्ली जुडग्यात नाही, हे सरांच्या ध्यानात यायला गणपती उजाडले.

विदर्भातल्या शाळा उन्हापायी इतरांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्याच दिवशी सर शिस्तीच्या मागे लागले. शिस्त म्हणजे वेळेवर येणं. आता आमचे निम्मे शिक्षक वाशीमहून अप-डाऊन करणारे. पाच जणांत एक गाडी, पेट्रोलची वर्गणी, आणि निघायची वेळ ही ज्याची आंघोळ शेवटी होईल त्याच्यावर. अडचण अशी, की या पाचांतले एक खुद्द सर. म्हणजे गाडीला उशीर झाला, की ज्यांनी फाटकात उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची, तेच उशिरा उतरत. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक तोडगा काढला. गाडी फाटकापाशी थांबली की आपण आधी उतरायचं, चार पावलं पुढं जायचं, वळायचं, घड्याळाकडे बघायचं आणि मागून येणाऱ्या चौघांना विचारायचं, "किती वाजले?" विज्ञानाचे मास्तर शांतपणे सांगत, "तुमच्या उतरण्यापेक्षा अर्धा मिनिट जास्त." पुढं सर एसटीनं येऊ लागले. एसटी कधी गाडीच्या आधी पोचे, कधी नंतर. नंतर पोचली की फाटकात चौघं उभे असत. घड्याळ बघत.

पण सरांचा खरा कस लागला तो वेळापत्रकात.

गेल्या वर्षीचं वेळापत्रक म्हणजे बेशिस्तीचं मूळ, असं त्यांचं निदान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीतच त्यांनी घरच्या संगणकावर रंगीत चौकटी आखून नवं वेळापत्रक सिद्ध केलं होतं. गणित सकाळी, कारण डोकं ताजं. भाषा दुपारी, कारण डोकं नसलं तरी चालतं. (हे मराठीच्या मॅडमना कोणी कळवलं, ते अजून उघड झालेलं नाही.) शनिवारी कुणालाही शेवटचा तास मोकळा नाही. हा कागद फलकावर लागला त्या दिवशी गावातलेच असलेले, निवृत्तीला टेकलेले इंग्रजीचे गुरुजी तो बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "सर, हे गाव कोनतं हाय, मालूम हाय ना? अती टाइमटेबलाची गोष्ट लंडनलोक गेली हाय बावा."

गुरुजींनी अतिशयोक्ती केली नव्हती. गावातल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरात दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांची पूजा चालते. कुणी कधी पूजा करायची याचं रीतसर वेळापत्रक दोन्ही बाजूंनी १९०५ साली ठरवलं, ठरावीक तासांच्या पाळ्या लावून. तरी वाद मिटला नाही. तो कोर्टात गेला, अपिलात गेला आणि १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. पुढं मूर्तीच्या लेपावरून पुन्हा तंटा वाढला आणि १९८१ साली मंदिराला कुलूप लागलं. ते उघडायला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि २०२३ सालचा मार्च महिना उजाडावा लागला. चार दशकं आमच्या गावात लांबून लांबून यात्रेकरू आले आणि दाराच्या छोट्या झरोक्यातून दर्शन घेऊन गेले.

योगायोग असा, की खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची सेवाशर्ती नियमावलीही १९८१ सालचीच. मंदिराचं कुलूप निघालं, नियमावली अजून चालू आहे. सर ती बगलेत घेऊन फिरत. मुखपृष्ठ फाटलं होतं म्हणून त्यांनी तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.

तर वेळापत्रक. गणिताच्या मॅडमना पहिला तास चालेना, कारण त्यांच्या मुलाची व्हॅन उशिरा येते. मराठीच्या मॅडमना दुपार चालेना, कारण वर सांगितलं ते. खेळाचे शिक्षक म्हणाले, उन्हात मैदानावर पोरं पडली तर जबाबदारी कोणाची, ते लिहून द्या. संस्कृत आणि हिंदीचे शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा दोघांचे तास शेजारच्या वर्गांत एकाच वेळी नकोत, कारण मधल्या भिंतीवरून टोमणे जातात. शनिवारी शेवटचा तास मोकळा नसला तर गावी जायची एसटी चुकते, अशी तक्रार घेऊन तिघं आले, त्यांतल्या एकाचं गाव शिरपूरच होतं. सरांनी खोडलं, पुन्हा मांडलं, पुन्हा खोडलं. ऑगस्टमध्ये सातवं आणि शेवटचं वेळापत्रक लागलं, तेव्हा गुरुजींनी कपाटातून गेल्या वर्षीचं काढून शेजारी धरलं. फरक होता. मंगळवारी चित्रकलेचा तास एक घर सरकला होता.

त्यानंतर सरांनी शिस्तीचा मोर्चा पोरांकडे वळवला. मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीवरून उड्या टाकून समोसे खायला जाणारे चौघं त्यांनी शिट्टी फुंकून रंगेहाथ धरले, उन्हात उभे केले आणि एकेकाचं नाव वहीत लिहून घेतलं. चौघांनीही एकच नाव सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर लिहीत होते, दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं पोरगा मित्राचं नाव घेतोय, आणि मग मधली सुट्टी संपली. ज्याचं नाव होतं तो पोरगा त्या आठवड्यात मामाच्या लग्नाला परगावी गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील लग्नपत्रिका घेऊन आले. "सर, मह्या पोट्टा अती नव्हताच, त त्यानं भिताडावरून उडी काहून मारली?" सर म्हणाले, "मुख्याध्यापकांना विचारून सांगतो." मुख्याध्यापक म्हणाले, "उपमुख्याध्यापकांना भेटा." वडिलांनी व्हरांड्यातून तीन फेऱ्या मारल्या आणि शेवटी शिपाईमामांशी बोलून समाधानानं परत गेले. मामांनी त्यांना काय सांगितलं ते सरांनी पुष्कळदा विचारलं. मामा म्हणतात, "काई नाई सर, चहा पाजला."

मुख्याध्यापक वाशीमला शिक्षणाधिकारी कार्यालयात मीटिंगला निघाले, की जिन्यावरून उतरता उतरता दोनच शब्द बोलतात : "तुम्ही आहातच." उपमुख्याध्यापकांचे सगळे अधिकार या दोन शब्दांत आले. सर त्या दिवशी मोठ्या खुर्चीत बसत नाहीत. शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात, पण टेबलावरचा पेपरवेट आपल्या बाजूला ओढून घेतात. असं बसून त्यांनी एकदा पावसामुळे शाळा एक तास आधी सोडली. पोरांनी जयजयकार केला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, कुणाला विचारून सोडली? पुढच्या पावसात त्यांनी सोडली नाही. तेव्हाही मुख्याध्यापकांनी विचारलं, एवढं पाणी, सोडली का नाही? मध्येच उघडलं होतं, हे सरांचं उत्तर खरं होतं. ते कुणी लिहून घेतलं नाही.

पोषण आहाराचं खातंही ओघानं त्यांच्याकडेच आलं. पाचवीला दरडोई शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे, रोजची उपस्थिती मोबाईलवरून भरायची, आणि पोरांच्या आधी आहार कुणीतरी मोठ्यानं चाखून चव नोंदवहीत शेरा मारायचा. सर रोज चाखतात. वहीत जुलैपासून "चांगली" हा एकच शब्द. एकदा चुलीच्या वाफेत त्यांच्यातला भूगोलाचा खरेखोटे बघणारा मास्तर जागा झाला आणि त्यांनी लिहिलं : "चांगली. मीठ किंचित कमी." दुपारी स्वयंपाकीण ताई डोळ्यांना पदर लावून हजर. संध्याकाळी व्यवस्थापन समितीच्या एका सदस्यांचा फोन. आठवड्यानं तालुक्याच्या कार्यालयातून विचारणा, की मीठ कमी पडण्याची कारणं आणि केलेली उपाययोजना विहित नमुन्यात तात्काळ सादर करावी. सरांनी दोन पानी खुलासा दिला. आता पुन्हा "चांगली".

तात्काळ हा शब्द तर त्यांच्या मोबाईलचा रिंगटोनच व्हायला हवा. यू-डायसची माहिती तात्काळ, आधारची जुळणी तात्काळ, वृक्षारोपणाचे फोटो झाडासह तात्काळ. मुख्याध्यापक आलेला प्रत्येक संदेश हात जोडलेल्या चिन्हासह सरांना पुढं ढकलतात. सर पुढं कुणाला ढकलणार? त्यांनी सुरुवातीला वर्गशिक्षकांच्या गटावर टाकून बघितलं. एकवीस जणांनी वाचलं, एकानं अंगठा दाखवला. तो अंगठा होकाराचा होता की काय, याची चर्चा अजून चालू आहे.

खरं सांगायचं तर माणूस उतरला. वजनानं नव्हे, त्या बाबतीत रोजची खिचडी अंगी लागली आहे. आवाजानं उतरला. पूर्वी व्हरांड्याच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला दटावणारे सर आता बदली तासाची वही पाठीमागं लपवून, पाहुणा यावा तसे स्टाफरूमच्या दारात येतात. "अं... आठवी ब रिकामी आहे..." एवढं म्हणेपर्यंत मोकळ्या तासाचे तिघं वहीत मान घालतात, एक जण प्रयोगशाळेत काहीतरी विसरल्याचं आठवून उठतो. ग्रंथालयात कपाटामागं जाऊन बसायची जागा कोणती, हे सरांना पक्कं ठाऊक आहे. पूर्वी तिथं तेच बसत. म्हणून ते तिकडं बघतही नाहीत. स्वतः खडू घेऊन आठवी ब वर जातात आणि नकाशा काढतात.

माझ्या मते शाळेतला सगळ्यांत चांगला तास हाच. पोरं शांत बसतात. बाहेर यात्रेकरूंची गाडी थांबली आणि कुणी गुजराती काकांनी मंदिर किधर विचारलं, तर सर खिडकीतून रस्ता सांगतात, आणि मग त्यांचं गाव फळ्यावरच्या नकाशात दाखवतात. त्या वेळी शिट्टी कुठं असते कुणास ठाऊक. मामांच्या म्हणण्याप्रमाणे ती खेळाच्या शिक्षकांनी उसनी नेली, ती परत आली नाही आणि सरांनी मागितलीही नाही.

मुख्याध्यापक येत्या मे अखेरीस निवृत्त होत आहेत. सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव सरांचं, तेव्हा मोठी खुर्ची आणि ड्रॉवरची किल्ली त्यांच्याकडे येणार हे ठरल्यात जमा. त्यांच्या जागेसाठी दुसऱ्या क्रमांकावर गणिताच्या मॅडम आहेत. त्यांनी आपला नकार आत्ताच लेखी दिला असून कार्यालयाकडून त्याचा आवक क्रमांकही घेतला आहे.