वॉट आणि मांजरपाट

ज्या देशात ‘झिरोचा दिवा’ नावाची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या झोपायच्या खोलीत आणि देवघरात जळत आली, तिथल्या माणसाने वॉटच्या आकड्यावर इतका विश्वास ठेवावा हे नवलच म्हणायचं. शून्य वॉटचा म्हणून आणलेला तो दिवा निमूटपणे १२ ते १५ वॉट वीज खायचा. जुन्या मीटरला तेवढी वीज जाणवत नसे म्हणून तो शून्य, असं म्हणतात. एवढा धडा भिंतीवर टांगलेला असूनही, फोटो-व्हिडिओसाठी एलईडी लाइट घ्यायला निघालेला गृहस्थ काउंटरवर कोपर टेकवून पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती वॉटचा?’ हाच. दुकानदार साठचा दाखवतो. गृहस्थ शंभरचा मागतो. शंभरचा हातात आल्यावर दोनशेच्या किमतीत किती फरक आहे याची चौकशी होते, आणि ‘एवढे घालतोच आहोत तर’ या सात्त्विक वाक्याच्या जोरावर ३०० वॉटचं धूड घरी येतं. ते जिथे लावायचं ती खोली दहा बाय बाराची असते, आणि तिच्यात आधीच कपाट, पलंग आणि शूटिंगसाठी बसवलेला एक अवघडलेला माणूस असतो. माझं म्हणणं असं, की या खरेदीत वॉट हा शेवटचा प्रश्न असावा. खिशात जे काही असेल त्यातला निम्मा पैसा कापड, ते ताणून धरणारी चौकट आणि हा सगळा संसार उभा ठेवणारा स्टँड यांवर जावा. उरलेल्यात बसेल तो दिवा घ्यावा. दुकानदारांना हे पटणार नाही, कारण कापडात त्यांना काय सुटणार!

पुरावा हवा असेल त्याने माळ्यावरची लग्नाची जुनी कॅसेट काढावी. त्या काळी व्हिडिओवाल्याबरोबर एक पोऱ्या असे आणि त्याच्या हातात ‘सन गन’ नावाचा हजार वॉटचा हॅलोजन. पंगतीत माणसाने जिलबी तोंडात घालायला ‘आ’ केला की नेमका त्याच क्षणी तो सूर्य त्याच्यावर उगवायचा. कॅसेटमध्ये आजही दिसेल: कपाळं चकाकताहेत, डोळे किलकिले झाले आहेत, नाकाची सावली ओठावर मिशीसारखी बसली आहे (ही सोय वरमाईलाही) आणि प्रत्येकामागे मांडवाच्या कापडावर त्याची काळीकुट्ट आवृत्ती उभी आहे. आता गंमत बघा. रंग किती खरे दाखवतो याचं जे माप आज एलईडीच्या खोक्यावर ठळक छापतात, त्या सीआरआयमध्ये हॅलोजनला जवळजवळ १०० पैकी १०० पडतात. म्हणजे रंग चोख, वॉट हजार, आणि तरी अख्खं वऱ्हाड पोलिसांनी धाडीत पकडल्यासारखं. दोष दिव्याच्या गुणात नव्हता, आकारात होता. तळहाताएवढा दिवा तीन-चार मीटरवरून, तोही भिंगाला चिकटून, चेहऱ्यावर मारला की सावलीची कड सुरीने कापल्यासारखी येणारच. तोच उजेड मीटरभर रुंद कापडातून आणि थोडा बाजूने आला असता तर वरमाय वरमाय दिसली असती. उजेड किती आहे यापेक्षा तो चेहऱ्याला किती मोठा दिसतो हे महत्त्वाचं. सावली मऊ पडणार की टोकदार, ते यावरच ठरतं.

ही काही नवी अक्कल नाही. १९५६ च्या ‘अपराजितो’ या सिनेमासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांना काशीतल्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं करायचं होतं. खऱ्या अंगणात उजेड आभाळातून झिरपतो, त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओत वर छत आणि दिवे. मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. परतून आलेल्या उजेडात ते अंगण आभाळाखालचं वाटतं, आणि सेट आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. तीन वर्षांनी ‘कागज के फूल’मध्ये छायालेखक व्ही. के. मूर्तींनी तो गाजलेला प्रकाशझोत आणला तो आरशांच्या जिवावर: बाहेरचं ऊन एका आरशाने पकडायचं, दुसऱ्याने आत फेकायचं. इथे कापड नाही, हे मान्य. त्यांना कडक, समांतर झोत हवा होता, मऊ उजेड नव्हे. पण दोघांनीही दिव्याचा आकडा वाढवला नाही, उजेडाच्या वाटेत काहीतरी आणून ठेवलं. आजही मुंबईच्या सेटवर थर्माकोलचा ताव, बटर पेपर, ट्रेसिंग पेपर हा माल लाखालाखाच्या दिव्यांच्या बरोबरीने राबतो. घरच्यासाठी तर मांजरपाटासारखं कापड नाही. न धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटाला जी किंचित पिवळसर झाक असते, तिच्यामुळे त्यावरून परतणारा उजेड आपल्या कातडीला मानवतो. हवा तर तयार सॉफ्टबॉक्स घ्यावा, पण मग दिव्याला बोवेन्स पद्धतीची खाच आहे ना, तेवढं पाहावं. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली. तिची तीन दातांची खाच मात्र जगभर चालू आहे आणि निम्म्या बाजाराचं सामान तिच्यातच बसतं.

यावर वॉटपंथीयांचा आक्षेप तयार असतो, आणि तो अगदीच खोटा नाही. कापड उजेड खातं. दुहेरी पडद्याचा सॉफ्टबॉक्स निम्मा ते पाऊण उजेड गिळून बसतो, तेव्हा मागचा दिवा दांडगा नको का? शिवाय खोक्यावर एक मीटरवरचे जे लक्स छापतात ते बहुधा चकचकीत वाटी लावून, उजेड एका ठिकाणी गोळा करून मोजलेले. वाटी काढून कापड चढवलं की ते कित्येक पटींनी खाली येतात. सगळं खरं. पण याला एक फुकटचा उपाय आहे: दिवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो. दोन मीटरवरचा ६० वॉटचा दिवा एका मीटरवर ओढला, तर दुकानात न जाता २४० वॉटचं काम झालं. वर कापड जवळ आलं म्हणजे चेहऱ्याला ते मोठं दिसू लागलं, तेव्हा सावली आणखी मऊ. बोलणारा एक माणूस एफ/२.८ वर, सेकंदाच्या १/५० शटरने टिपायला ६० वॉट आणि सॉफ्टबॉक्स एवढं सामान आयएसओ ४०० च्या आत सुखाने पुरतं. दहा बाय बाराच्या खोलीला आयुष्यात प्रथमच लहान असण्याचा फायदा मिळतो तो इथे. अर्थात तिच्या भिंती वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने पोपटी रंगवलेल्या असतील तर सगळा उजेड पोपटी होऊन चेहऱ्यावर परततो आणि वक्ता आजारी दिसतो. तिथेही पुन्हा चादर टांगणं हाच उतारा.

दिव्यात काहीच बघायचं नाही असं मात्र मी म्हणत नाही. दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघाव्यात. पहिली लाल रंगाची. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरं भासतं. ही निळी चिप जमवण्याबद्दल जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण निळा अधिक पिवळा या बेरजेत गडद लाल कमी पडतो. सीआरआयचा आकडा ज्या आठ रंगांच्या सरासरीने काढतात ते सगळे फिकट, सौम्य, संसारी रंग. गडद लाल हा नववा, आर-९ नावाचा; तो सरासरीत धरतच नाहीत. दहावीच्या बोर्डाने बेस्ट ऑफ फाइव्ह आणलं तेव्हा गणितात गटांगळ्या खाणारी मुलं नव्वदीच्या घरात झळकली, त्यातलाच हा प्रकार. स्वस्त दिव्याचा सीआरआय ८० असतो आणि त्याचा आर-९ शून्याच्या आसपास, कधी शून्याखाली. त्या उजेडात कुंकू विटकरी होतं, शालू काथ्याच्या रंगाचा आणि जिवंत माणसाच्या गालातलं रक्त ओसरल्यासारखं. म्हणून खोक्यावर ९५ दिसलं की आनंदून न जाता आर-९ विचारावा. कॅमेऱ्याच्या नजरेने रंग जोखण्यासाठी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१२ मध्ये टीएलसीआय हे वेगळं माप काढलं. तेही दिलेलं असेल तर उत्तम. यातलं काहीच छापलेलं नसेल तर आपल्या बायकांची शतकभराची पद्धत आहेच. साडीच्या दुकानात लखलखते दिवे असतानाही ‘जरा बाहेर उजेडात बघू’ म्हणत साडी पायरीवर घेऊन जाणाऱ्या बाईला कोणत्याही आयोगाने रंगशास्त्र शिकवलेलं नसतं, आणि दुकानदाराला तिच्याशी वाद घालायची छाती होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पंखा. एका जागी दाटीने बसवलेल्या चिप तापतात, म्हणून दिव्याच्या पाठीत पंखा असतो आणि वॉट वाढेल तसा त्याचा घसा मोकळा होतो. मुलाखतीचं शूटिंग करायचं तर आवाज नको म्हणून मे महिन्यात छताचा पंखा बंद करतात. माणूस घामाने निथळतो आहे आणि दिवा मात्र पंख्याखाली गारेगार, असं दृश्य त्यातून तयार होतं. माइक बिचारा दोघांचं ऐकतो. थरथरीचंही असंच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरातली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा धापा टाकते. ती मागे चालू असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवावं. अमेरिकन व्हिडिओ बघून १/६० ठेवणाऱ्यांच्या भिंतीवर पट्ट्या सरकत राहतात. तो सल्ला न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळाला लागू, चिंचवडला नाही. चांगला व्हिडिओ-लाइट स्वतः असा फडफडत नाही. स्वस्त दिवा मंद केल्यावर फडफडतो. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दुकानातच कळतं.

आता फोटोवाल्यांची बाजू. ते विचारतात, सतत जळणारा दिवा हवाच कशाला, फ्लॅश काय वाईट? वाईट नाही, उलट एका बाबतीत त्याला तोड नाही. साठ वॉटचा दिवा १/१०० सेकंदात ०.६ जूल वीज खर्च करतो. मध्यम प्रतीचा स्टुडिओ फ्लॅश एका पापणीत २०० जूल ओततो. एलईडी काटकसरी आहे हे धरून हिशेबात सूट दिली तरी शंभराच्या आसपास पटींचा फरक उरतो. लावणीतली गिरकी गोठवायची, तीन वर्षांच्या पोराचा फोटो काढायचा, तर एलईडीने त्या फंदात पडू नये. तिथे ३०० वॉटचाही उपयोग नाही. पण मोदक हलत नाही. नथ, पितळी समई, लोणच्याची बरणी, कोणीच हलत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून शटर सेकंदभर उघडं ठेवलं की तोच दिवा ६० जूल देतो, आणि सावली कुठे पडते ते डोळ्यांनी आधी बघता येतं. व्हिडिओला तर फ्लॅशचा प्रश्नच येत नाही. तेव्हा हलणाऱ्याला फ्लॅश, बसणाऱ्याला कापड. दोन्हींसाठी एकच महाकाय एलईडी घेणारा माणूस दोन्हीकडे उणाच पडतो.

रंगीबेरंगी आरजीबी दिव्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हल्ली कुठलाही पॉडकास्ट उघडा, विषय कांद्याचे भाव असो की ज्ञानेश्वरी, मागची भिंत अर्धी जांभळी आणि अर्धी निळी. ज्याला ते हवं त्याने मागच्या भिंतीसाठी छोटीशी कांडी घ्यावी. चेहऱ्याच्या दिव्यात तो छंद नको. पांढऱ्या-पिवळ्याची अदलाबदल करणारा बायकलर मात्र उपयोगी, कारण खोलीत खिडकीचा उजेड ५६०० केल्विनच्या आगेमागे आणि दिवाणखान्यातला पिवळा दिवा त्याच्या निम्म्यावर असतो, आणि कॅमेऱ्याला एका वेळी एकाचीच बाजू घेता येते. बायकलरमध्ये चिपचे दोन संच असल्याने एका टोकाला उजेड थोडा कमी मिळतो, पण सोय मोठी.

शेवटचा आक्षेप सर्वांत कसदार: मग दिवा तरी कशाला, खिडकी काय वाईट? दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या उन्हात उभा केला, तुम्हाला पाककृतीच्या व्हिडिओला वीज लागते? बिनतोड आहे, आणि उत्तरेकडची खिडकी व तिच्यावर पांढरा पडदा ज्याच्याकडे आहे त्याने मार्च-एप्रिलपर्यंत खुशाल पैसे वाचवावेत. पण जुलैत कोकणात ती खिडकी तासातून चारदा मालवते, आणि नोकरी करून छंद जोपासणारा माणूस घरी येतो तेव्हा तर ती कधीचीच मालवलेली असते. शिवाय खिडकीला बटण नसतं. म्हणून दिवा घ्यावा. फक्त लहान घ्यावा. त्याच्या स्टँडच्या पायावर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवावी, कारण वर सॉफ्टबॉक्स लावल्यावर सगळं ओझं एकीकडे झुकतं आणि घरात पोरं धावतात. लहान दिव्याच्या बाजूने एक मुद्दा तर कोणत्याच खोक्यावर छापत नाहीत. वीज गेल्यावर ६० वॉटचा दिवा घरच्या इन्व्हर्टरवर निमूट चालतो आणि आजोबांच्या खोलीतला पंखाही चालू राहतो. ३०० चा लावला, तर बॅटरी किती वेळ टिकते ते इन्व्हर्टर सांगण्याआधी आजोबा येऊन सांगतात.