पु. लं.चं नवं लेखन

पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. त्यानंतर त्यांच्या लेखणीला जो बहर आलाय, तो काही ओसरायचं नाव घेत नाही. व्हॉट्सॲपचा जन्म २००९ चा, पण पु. लं.नी तिथं असा काही जम बसवलाय की आठवड्याला एक तरी नवा लेख ठरलेला. मोबाइलमुळे घरातला संवाद कसा हरवला, हा त्यांचा हल्लीचा आवडता विषय. वपु काळे २००१ साली गेले, तेही मागे नाहीत. पाऊस, वाफाळता चहा आणि न समजलेली बायको हे खातं त्यांच्याकडे. कवितेत 'आयुष्य' दोनदा आलं की ती कुसुमाग्रजांची. आणि चार सणसणीत वाक्यं असली की नाना पाटेकर, हयात असूनही.

या लेखांची ठेवण ठरलेली. वर 'शेवटपर्यंत नक्की वाचा'. खाली दोन गुलाब, जोडलेले हात. नाव ठळक दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना फुली. त्यातली एक फुली वाटेत कुठेतरी गळालेली असते, मग पु. ल. बिचारे उरलेल्या फुलीला लोंबकळत आपल्यापर्यंत येतात.

"काका, पु. ल. जाऊन किती वर्षं झाली, त्यांना सेल्फी कुठून माहीत?"
"शैली त्यांचीच आहे रे. आणि तुला आवडलं ना? मग झालं तर."

यावर उत्तर नाही.

हे लेख खरे लिहितं कोण? माझा संशय जुन्या ब्लॉगवाल्यांवर आहे. युनिकोडमुळे फॉन्टची कटकट मिटली आणि २००८-०९ च्या सुमारास ज्याला त्याला ब्लॉग फुटला. आजोळ, आजीचा बटवा, पहिला पाऊस, पुन्हा आजोळ. पानाच्या कडेला वाचकसंख्येचं यंत्र, त्यातला मोठा वाटा लेखकाचाच. खाली प्रतिक्रिया दोन, पैकी एक 'छान! माझ्याही ब्लॉगला भेट द्या'. आणि सगळ्यात वर तांबड्या अक्षरांत दम: 'येथील मजकूर लेखी परवानगीशिवाय वापरू नये'. काहींनी तर माउसचं उजवं बटणही चालू नये अशी तजवीज केलेली. वाचायला कोणी येत नव्हतं, पण चोरांचा बंदोबस्त चोख होता.

मग चोर आले, आणि नाव तेवढं मागे ठेवून मजकूर घेऊन गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी लेखक म्हणवून घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. दुसऱ्याचं लेखन स्वतःच्या नावावर खपवणारा माणूस त्या कायद्याला ओळखीचा होता. दुसऱ्याचं लेखन तिसऱ्याच्या नावावर, तेही फुकट, हात जोडून खपवणारा पुढे निपजेल, हे कोणाच्या स्वप्नातही नसावं.

निनावी मजकुराचा प्रताप एवढ्यावर थांबता तर हसून सोडून देता आलं असतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. त्यामागच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवांखालीही कोणाची सही नव्हती. त्याच महिन्यात पुढे ढकललेल्या निरोपांवर 'फॉरवर्डेड' असा शिक्का बसू लागला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी ढकलायची मर्यादा आली. काकांनी तोडगा काढला: मजकूर कॉपी करायचा आणि नव्यानं चिकटवायचा. शिक्का गायब. वर शेजारणी म्हणतात, "काका, किती सुंदर लिहिता हो!" काका नाही म्हणत नाहीत.

आमचे एक परिचित, बँकेतून निवृत्त, एके काळचे ब्लॉगर. सोसायटीच्या ग्रुपवर परवा 'पु. लं.चा अप्रतिम लेख' आला. वाचतात तर त्यांचाच, आईच्या शिवणयंत्रावरचा. पंचवीस अंगठे, दहा-बारा रडके चेहरे. हयातीतलं हे पहिलं घवघवीत यश पाहून त्यांनी थरथरत्या बोटांनी टाइप केलं, 'हा लेख माझा आहे', आणि खाली ब्लॉगचा दुवा दिला. दोन मिनिटांत ॲडमिनचं उत्तर आलं, "साहेब, ग्रुपवर स्वतःची जाहिरात चालत नाही. कृपया डिलीट करा."