गोलघुमट आणि आमचं बाथरूम

विजापूरच्या आदिलशहांना आपली कबर आपल्याच देखरेखीखाली बांधून घ्यायची मोठी हौस. मागे राहणाऱ्यांवर त्यांचा भरवसा नसावा, आणि तो नसणं किती रास्त होतं ते बारा कमानीपाशी कळतं. मुहम्मद आदिलशहा १६२७ साली गादीवर आला आणि १६५६ साली गेला. मधल्या काळात त्याने मोगलांशी तह केला, शहाजीराजांना चाकरीत घेऊन कर्नाटकात धाडलं, बरंच काही केलं. पण जवळजवळ सगळी कारकीर्द घरचं एक काम चालूच होतं. तो गोलघुमट.

असलं शहर कंत्राटदाराबरोबर पाहू नये. आम्ही दाजींबरोबर पाहिलं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, आणि आता सगळ्या घराचेच दाजी. सोलापुरात लहानमोठी बांधकामं घेतात. इतर माणसं इमारत बघून ‘अहाहा’ म्हणतात. दाजी आधी भिंतीवर बोटं वाजवून बघतात.

गोलघुमटात शिरल्याशिरल्या त्यांनी गाइडला विचारलं, “कार्पेट किती?”

गाइड बिचारा इतिहासाचा माणूस. तो रंभेच्या कबरीपर्यंत आला होता. मधल्या चौथऱ्यावर बादशहा, त्याच्या दोन बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची आवडती नर्तकी अशी सगळी मंडळी ओळीने आहेत. (ह्या वरच्या नुसत्या दाखवायच्या, खऱ्या कबरी खाली तळघरात.) रंभा आणि बेगमा एकाच रांगेत आहेत हे ऐकून आमच्या घरातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण दाजींनी प्रश्न सोडला नाही, तेव्हा गाइड म्हणाला, अठरा हजार चौरस फुटांच्या वर.

“आणि मधे एक खांब नाही!” दाजींचा आवाज कापरा झाला. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नातही मी त्यांना इतकं हळवं झालेलं पाहिलं नव्हतं.

मग गाइडला बाजूला सारून त्यांनीच आम्हाला समजावलं. खोली चौकोनी, घुमट गोल. गोल चौकोनावर ठेवला की चार कोपरे उघडे पडतात. म्हणून भिंतींच्या वर आठ कमानी एकमेकींना छेदत अशा काढल्यात की आत अष्टकोन तयार होतो, कोपरे मिटतात, आणि त्या कड्यावर बाहेरून १४४ फूट व्यासाचा घुमट निवांत बसतो. दाजी थापा मारतात असा माझा जुना समज आहे. पण हे बरोबर सांगितलं, पुस्तकांत हेच आहे. स्थपती दाभोळचा कुणी याकूत होता असं म्हणतात. हे ऐकताच पलीकडच्या गुहागरात माहेर असलेल्या आमच्या सौ. एकदम मालकिणीसारख्या वावरू लागल्या. “आमच्याकडची माणसं कामाला चोख,” त्या म्हणाल्या. दाजींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चार कोपऱ्यांना चार सातमजली मिनार. त्यांतल्या अरुंद जिन्याने धापा टाकत वर गेलं की घुमटाच्या आतून गोल फिरणारा सज्जा लागतो. इथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर जवळजवळ अडतीस मीटर पलीकडच्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं, अशी त्याची ख्याती. ही ख्याती ऐकून लांबलांबून लोक येतात आणि ओरडतात. एकदा ओरडलं की आवाज सातआठ वेळा परत येतो. आम्ही पोचलो तेव्हा एक शाळेची सहल तिथे होती, आणि वर्गात विचारलं तरी तोंड न उघडणारी मुलं सगळं वर्ष भरून काढत होती. एक पोक्त गृहस्थ तर स्वतःचंच नाव घेऊन हाक मारत होते आणि सात जणांनी ओ दिल्यासारखे खूश होत होते. त्यांचं घरात कुणी ऐकत नसावं.

शेवटी मास्तरांनी शिट्टी फुंकली. तीही आठ वेळा वाजली आणि प्रत्येक शिट्टीला पोरं नव्याने दचकली. सहल उतरली, सज्जा पहिल्यांदाच शांत झाला. मी आणि दाजी एका बाजूला भिंतीला टेकून उभे होतो, बायका समोर पार पलीकडे. तेवढ्यात आमच्या कानामागच्या भिंतीतून सौ.चा आवाज आला, अगदी शेजारी बसून बोलावं तसा:

“वन्सं, तुमच्या ह्यांना जरा विचारा ना. गणपतीत फोडलेलं बाथरूम. आता संक्रांत आली. अंघोळीला शेजारी जातोय आम्ही.”

भिंत थोडा वेळ गप्प राहिली. मग माझ्या बहिणीचा आवाज आला: “माझ्या स्वैपाकघरातला ओटा तीन वर्षं तसाच आहे, वहिनी.”

दाजींनी शांतपणे घुमटाकडे पाहिलं. म्हणाले, “गिलावा चांगला केलाय. म्हणून आवाज फिरतो.”

मुलूखमैदान तोफेपाशी मग जरा थंडच वातावरण होतं. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, वजन सुमारे ५५ टन, परांड्याहून इथवर ओढत आणली. आमच्याकडे दर निवडणुकीत प्रत्येक पक्षाकडे अशा चारपाच निघतात, पण ही मूळची. इंग्रजांनी १८५४ साली तिचा लिलाव काढला तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची. एवढ्या कमी किमतीला कशी द्यायची म्हणून ती राहिली, नाहीतर वितळून कुणाच्या तरी घरची घंगाळं झाली असती. दाजींनी मोबाइल काढून आजच्या भंगाराच्या भावाने हिशेब केला आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

इब्राहिम रौजा मात्र सुंदर. गोलघुमट थोर आहे, पण तो अंगावर येतो. रौजा बघत बसावासा वाटतो. दगडात कोरलेल्या जाळीदार अक्षरांच्या खिडक्या बघून दाजीही बोटं वाजवायचं विसरले. राणी ताज सुलतानासाठी काढलेलं हे काम, पण इब्राहिम आदिलशहाच आधी गेला. देखरेख मलिक संदल याची, आणि खर्च चक्क शिलालेखात कोरलाय: दीड लाख होन, वर नऊशे.

“दीड लाखाच्या कामावर जादा फक्त नऊशे!” सौ. म्हणाल्या. कुणाकडे न बघता.

“होनात सांगतायत वहिनी,” दाजी म्हणाले. “रुपयांत काढा.”

हौस फक्त बादशहांनाच होती असं नाही. अफझलखानानेही विजापूरजवळ आपली कबर बांधायला घेतली होती. जागा पसंत, काम सुरू. पण ऐन वेळी त्याला प्रतापगडच्या पायथ्याशी ताबा मिळाला.

उन्हं कलताना बारा कमानीला गेलो. मुहम्मदाचा मुलगा दुसरा अली आदिलशहा, त्याचं हे थडगं. बापापेक्षा मोठं करायचं होतं म्हणतात. १६७२ साली अली गेला, तेव्हा काम कमानींपर्यंतच आलं होतं. मागे चारेक वर्षांचा सिकंदर. तो काय घुमट चढवणार? चौदा वर्षांनी औरंगजेबाने राज्यच घेतलं. अलीची तिजोरी रिकामी करण्यात आमच्या महाराजांचा वाटा मोठा, त्यामुळे इथे मराठी माणसाने अगदीच परक्यासारखं उभं राहू नये. वर आभाळ, खाली काळ्या दगडाच्या उंच कमानींची रांग, मधे बादशहा.

दाजी खुशीत आले. त्यांना पूर्ण झालेल्या इमारतीपेक्षा अर्धवट इमारतीत जास्त कळतं. कमानीला कमान कशी भिडते, चुना कुठला, दगड कसा बसवलाय, सगळं उत्साहाने दाखवून ते कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “काय काम होतं! आणि असं सोडून दिलं. मला नाही पटत. एकदा हातात घेतलं की पुरं करावं माणसानं.”

बहिणीने पर्सची चेन लावली. मी पाटी वाचू लागलो.

“त्यांचं एक वेळ समजू शकतं, दाजी,” सौ. माझ्याकडे हात करून म्हणाल्या. “त्यांचे मालक वारले होते. आमचे हे काय, धडधाकट उभे आहेत.”