बोरीचं झाड कुठाय?

२००२ साली ‘कांटा लगा’चं रीमिक्स टीव्हीवर लागलं. मूळ गाणं १९७२च्या ‘समाधी’तलं, लताबाईंचं, बोरीखाली काटा लागल्याचं, आमच्या आईला तोंडपाठ. तिने मिनिटभर डिस्कोतला धुडगूस पाहिला आणि शांतपणे विचारलं, “यात बोरीचं झाड कुठाय?”

आता तिला काय सांगणार! व्हिडिओचं गाण्याशी नातं हे वरातीतल्या बँडचं नवऱ्याशी असतं तेवढंच. पोरगा कोण, कुठला, बँडवाल्यांना काय करायचंय? वाजवायचं, जेवायचं, पुढचा मांडव गाठायचा.

‘मेड इन इंडिया’च घ्या. साल १९९५. अलिशा चिनॉय सगळं जग धुंडाळून थकलेली. तिला हवा अस्सल भारतीय दिलाचा जोडीदार. मग खोक्यातून निघतो मिलिंद सोमण, वर सदरा नाही. आम्ही मराठी माणसं तर हरखूनच गेलो, आपला दादरचा मुलगा! वाढला दादरला हे खरंच, पण जन्म स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. म्हणजे स्वदेशीच्या गाण्यात मालच आयात केलेला. पण समोर तशी छाती असताना खोक्यामागचं लेबल कोण वाचत बसतो? आमच्या वाड्यातल्या एकाही बाईने वाचलं नाही, आणि पुरुषांनी वाचूनही उपयोग नव्हता.

पुढच्याच वर्षी लकी अलीचं ‘ओ सनम’ आलं. सनम इजिप्तला का बदलून गेली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण पिरॅमिड छान आले होते.

खरी गंमत दलेर मेहंदींची. लोक कुजबुजायचे, यांची गाणी चालतात ती मागे नाचणाऱ्या सुंदर पोरींमुळे. स्वाभिमानी माणूस! १९९८च्या ‘तुनक तुनक तुन’मधून त्यांनी पोरी हद्दपार केल्या आणि स्वतःच चार झाले. निळ्या पडद्यासमोर नाचून संगणकावर चिकटवलेले चार दलेर, चार रंगांचे झगे. या एकाच व्हिडिओबद्दल आईची तक्रार नव्हती. मुखडा म्हणजे तुंबीच्या तारेचा आवाज; त्यात बोर नाही, बाभूळ नाही. शोधायचं काय?

हल्ली ‘लिरिकल व्हिडिओ’ निघतात. पडद्यावर नुसते शब्द. परवा नातवाने आजीला तसलाच एक मराठी व्हिडिओ दाखवला. म्हटलं, आता तरी तिचं समाधान होईल. तिने चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि नातवाला म्हणाली, “लाल पेन आण.”