गोल फिरवू नका, पोचवा

आमच्या गावच्या तळ्याला जॉगिंग ट्रॅक आहे. लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, ओपन जिम, सेल्फी पॉइंट आणि फाटकापाशी सगळ्यांची नावं कोरलेली कोनशिला. फेरी पूर्ण केली की माणूस निघाला तिथेच येतो. रोज सकाळी ट्रॅकबाहेर चाळीस-पन्नास मोटरसायकली लागलेल्या असतात, चालायला आलेल्या लोकांच्या. घरापासून तळ्यापर्यंत चालत यावं अशी वाटच गावात नाही, म्हणून चालण्यासाठी आधी पेट्रोल जाळावं लागतं.

लहान शहरांतल्या पायवाटांचं आणि सायकलमार्गांचं दुखणं इथेच आहे. आपण फिरवणाऱ्या वाटा बांधतो, पोचवणाऱ्या बांधत नाही.

ट्रॅकला माझा विरोध नाही. साठी ओलांडलेल्या बायका पहाटे साडेपाचला तिथे बिनघोर चालतात, ही त्या ट्रॅकची कमाई आहे आणि मी ती मोठी मानतो. पण चालणाऱ्यांसाठी काय केलं असं विचारलं की वर्षानुवर्षं तोच एक ट्रॅक दाखवायचा, हे मला मान्य नाही. या देशात चालणं हा बहुतेकांचा व्यायाम नाही, जाणं-येणं आहे. 2011 च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारलं होतं. शेती सोडून इतर कामं करणाऱ्यांत साधारण 23 टक्के लोक पायी जात होते आणि 13 टक्के सायकलने. म्हणजे तिघांत एकाहून जास्त. त्यांच्या वाटेसाठी गावात किती खर्च झाला, ते नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात शोधून बघा. वेगळा आकडाच सापडणार नाही.

मंगळवारी सकाळी टेप घेऊन एसटी स्टँडपासून कन्याशाळेपर्यंत गेलो. सव्वा किलोमीटर अंतर. स्टँडच्या दारात पदपथ सुरू होतो, त्याची उंची भरली अकरा इंच. इंडियन रोड्स काँग्रेसची 2012 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पदपथ 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा उंच नसावा आणि त्यावर किमान 1.8 मीटर रुंदीचा पट्टा चालायला मोकळा असावा. अकरा इंच चढायला काय लागतं ते तिथेच पाहिलं. एका आजींनी पिशवी आधी वर ठेवली, खांबाला धरलं, एक पाय टाकला, थांबल्या आणि मग दुसरा पाय घेतला. वीस पावलांवर महावितरणची डीपी. तिच्या आणि दुकानाच्या पायरीच्या मध्ये उरली जागा अडीच फूट, त्यातही बोर्ड उभा. आजी परत अकरा इंच खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. त्यांना पदपथाबद्दल काय वाटतं हे विचारायची गरज उरली नाही.

पुढे ओढ्यावरचा पूल. पुलाला पदपथ नाही. आठवी-नववीतली एक मुलगी सायकलवरून आली, पुलाच्या तोंडाशी उतरली. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येत होता. तिने सायकल कठड्याला टेकवली, स्वतः सायकल आणि कठड्याच्या मधे उभी राहिली आणि मान वळवली. वाढ्यांची टोकं हँडलला घासत गेली. ट्रॅक्टर गेल्यावर ती सायकल हातात धरून उरलेला पूल चालत गेली. तिच्या सगळ्या हालचाली सवयीच्या होत्या. रोजचंच असणार.

आता सरकारी हिशेब बघा. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या मुलींसाठी ही योजना आहे आणि 2022 पासून सायकलीमागे 5,000 रुपये मिळतात. योजना उत्तम आहे. या सायकलींमुळे शाळा न सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण ती सायकल चालवायची कुठे, हा प्रश्न त्या योजनेचा नाही. रस्ता बांधकाम खात्याचा, पूल त्यांचाच, गटार नगरपरिषदेचं, खांब महावितरणचा. सायकल एका हिशेबात आहे, रस्ता दुसऱ्यात. मुलगी कुणाच्याच हिशेबात नाही.

आणि हे जिवावर बेतणारं आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. दिवसाला नव्वद. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट सांगितलं की वापरण्याजोगा पदपथ मिळणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. जगण्याचा हक्क अकरा इंचांवर आणि डीपीच्या मागे ठेवून चालणार नाही.

हे बोललं की सभेत एकच उत्तर येतं, पैसा कुठे आहे? पैसा आहे. तो कसा येतो ते समजून घेतलं पाहिजे, कारण खरी गोम तिथे आहे.

लहान गावात पैसा योजनेच्या नावाने येतो. नगरोत्थानातून, जिल्हा नियोजन समितीकडून, आमदार निधीतून. आमदार निधी वर्षाला 5 कोटींचा आहे. वित्त आयोगाचा पैसा असतो. 15 व्या आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात आपल्यासारख्या शहरांना मिळालेल्या अनुदानात 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होते, 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचे. या प्रत्येक पैशाला एक ‘काम’ लागतं. कामाला एक जागा, एक अंदाजपत्रक, एक निविदा, एक उद्घाटन. तळ्याभोवतीचा ट्रॅक या साच्यात बरोब्बर बसतो. जागा एकाच मालकीची, अतिक्रमण नाही, कुणाच्या दुकानापुढची पायरी तोडायची नाही. शाळेची वाट तीन प्रभागांतून जाते, चार खात्यांच्या हद्दी ओलांडते आणि तिच्यावर कोनशिला कुठे बसवायची तेच कळत नाही. म्हणून ट्रॅक होतो आणि वाट राहते. कुणी दुष्ट आहे म्हणून नव्हे, पैसा ज्या घमेल्यातून येतो त्याचा आकारच तसा आहे.

तेव्हा घमेलं बदला. नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात ‘पादचारी व सायकल मार्ग’ हे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा आणि दरवर्षी त्यात ठरलेला हिस्सा टाका. चेन्नई महापालिकेने 2014 मध्ये वेगळं धोरणच मंजूर केलं आणि वाहतुकीच्या निधीतला 60 टक्के वाटा चालणाऱ्या-सायकलवाल्यांसाठी ठरवला. आपण 60 नको, 20 ने सुरुवात करू. दुसरं, रस्त्याच्या अंदाजपत्रकातच पदपथ धरा. ‘पदपथ दुसऱ्या टप्प्यात’ असं ज्या कागदावर लिहिलं जातं, त्या रस्त्याला पदपथ कधीच होत नाही. माझ्या गेल्या वीस वर्षांच्या पाहण्यात तरी एकदाही झालेला नाही. तिसरं, त्याच शीर्षात देखभालीचे पैसे ठेवा. फुटलेला पेव्हर ब्लॉक आठ दिवसांत बसवला तर पदपथ राहतो, आठ महिने तसाच ठेवला तर तिथे टपरी येते.

मोठ्या शहरांचं बघून घाई करू नका. मुंबईत पवई तलावाभोवती सायकल आणि जॉगिंग ट्रॅकचं काम सुरू झालं. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि तलावात केलेली भर काढायला सांगितली. पाणथळ जागेत पक्कं बांधकाम चालत नाही, हे 2017 च्या नियमांत लिहिलेलं आहे. तळ्याला गळफास घालणारा ट्रॅक मागणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाने तो निकाल वाचावा. पुणं तर एकेकाळी सायकलींचं शहर. डिसेंबर 2017 मध्ये तिथे सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला, कागद चांगला आहे. पण त्याआधी बीआरटीच्या बसमार्गांबरोबर जे सायकलमार्ग झाले ते चौक आला की संपत, आणि सायकलवाल्याला मार्ग हवा असतो तो नेमका चौकात. तुकड्या-तुकड्याने केलेल्या मार्गावर कुणी जात नाही, मग ‘वापरच नाही’ म्हणून त्यावर गाड्या लावायच्या. हा खेळ पुरे.

मराठवाड्याच्या उन्हात कोण चालणार, सायकल कोण मारणार, असं म्हणणाऱ्यांना नांदेड आठवावं. 2008 मध्ये तिथे शिखांच्या गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी होती. त्यासाठी केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा आला आणि तिथल्या रस्त्यांच्या आराखड्यात रुंद पदपथ, सायकलची वेगळी पट्टी, सावलीची झाडं, फेरीवाल्यांची जागा एकत्र मांडली गेली. आराखडा वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या कार्यालयाचा. रस्ता आधी गाड्यांना आणि उरेल ते माणसांना, हा क्रम तिथे कागदावर तरी उलटा झाला.

पण माझं मन बसलंय ते पोंतेवेद्रावर. स्पेनमधलं 80 हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, म्हणजे आपल्याकडची ‘ब’ वर्ग नगरपरिषद. 1999 मध्ये मिगेल आंशो फर्नांदेझ लोरेस हे डॉक्टर तिथे महापौर झाले आणि त्यांनी जुन्या गावातून गाड्या बाहेर काढल्या. फरसबंदी केली, पदपथ आणि रस्ता एका पातळीवर आणले, वाहनतळ गावाच्या कडेला नेले. लोक तिथे गाडी लावून चालत येतात. मला सगळ्यात आवडलेलं काम मात्र जवळजवळ फुकटातलं आहे. 2011 मध्ये त्यांनी गावाचा एक नकाशा छापला, मेट्रोच्या नकाशासारखा. रंगीत रेघा, ठिपके आणि दोन ठिपक्यांमध्ये चालत किती मिनिटं लागतात तो आकडा. बाजार ते स्टेशन अमुक मिनिटं, शाळा ते दवाखाना तमुक. नाव ठेवलं मेट्रोमिनुतो.

असा नकाशा आपल्याकडे उद्या होऊ शकतो. एसटी स्टँड मधोमध ठेवा आणि मिनिटं लिहा. कन्याशाळा सोळा, तहसील नऊ, ग्रामीण रुग्णालय बारा, भाजी मंडई सहा. तो स्टँडच्या भिंतीवर रंगवा. गाव केवढंसं आहे ते लोकांना पहिल्यांदा दिसेल. आणि अभियंत्यालाही कळेल की एवढ्या सात-आठ रेघाच आधी दुरुस्त करायच्या आहेत, सगळं गाव खणायचं नाही.

त्या रेघा काढायला बसलात की अर्ध्या तुम्हाला तयार मिळतील. आपल्या जुन्या गावांत बोळ आहेत. पेठेतून पेठेत, देवळामागून तालमीकडे, तालमीकडून नदीच्या घाटावर. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं एवढे रुंद, दिवसभर सावलीत, गाड्यांना आपोआप बंदी. आमच्या आजोबांच्या पिढीचा पादचारी आराखडा हाच. आज त्यांचं काय झालंय? वाडा पडतो, अपार्टमेंट उठतं, बोळ गेटच्या आत जातो. एखाद्या बोळात गटाराची फरशी फुटलेली, एखाद्यात दिवा नाही म्हणून संध्याकाळनंतर बायका जात नाहीत. मंगळवारी परत येताना मी असे तीन बोळ चाललो. मुख्य रस्त्याने सोळा मिनिटं लागली होती, बोळांनी अकरा लागली, आणि एकही हॉर्न ऐकला नाही. एका बोळात कुणीतरी रांगोळी काढली होती, तिच्यावर चाकाचा डाग नव्हता. फरशा बसवा, दिवे लावा, नगर भूमापनाचे नकाशे काढून गिळलेले बोळ मोकळे करा. यासाठी सल्लागार नको, डीपीआर नको. गवंडी आणि वायरमन पुरे.

व्यापारी बंधूंची भीती मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाने गाडी कुठे लावायची? त्यांच्याशी भांडून हे होणार नाही, बोलून होईल. पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन करते. लक्ष्मी रस्ता म्हणजे पुण्याची ऐन बाजारपेठ. आपल्या मुख्य पेठेत आठवड्यातली एक संध्याकाळ, बाजाराचा दिवस सोडून, तसं करून बघू. गल्ला मोजू. तोटा झाला तर थांबू.

वेळ नेमकी आहे. इतक्या वर्षांच्या प्रशासकराजानंतर डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, विचारायला पुन्हा आपली माणसं सभागृहात आहेत. अर्थसंकल्पाची सभा जवळ आली की आपल्या नगरसेवकाकडे जा आणि लेखाशीर्षाचं नाव घेऊन मागणी करा, ‘पदपथ चांगले करा’ असं मोघम बोलू नका. गावाचा सुधारित विकास आराखडा जाहीर झाला तर हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत ओढ्याकाठची पट्टी, कालव्याची भर आणि प्रत्येक बोळ नकाशात वाट म्हणून दाखवा असं लेखी द्या आणि पोच घ्या. घरातल्या शाळकरी पोरीला विचारून तिची वाट त्यात काढा.

आणि नगराध्यक्षांना एक विनंती. येत्या सोमवारी सकाळी साडेसहाला एसटी स्टँडच्या दारात या, गाडी घरी ठेवून. कन्याशाळेची घंटा सातला होते, आपण त्या मुलींबरोबर पुलापर्यंत चालत जाऊ. टेप मी आणतो.