आगाऊ जेवणारा गृहस्थ

परदेशस्थ मराठी मध्यमवर्गाचा अभ्यास करताना महाराष्ट्र मंडळाचा तहहयात माजी अध्यक्ष, थर्माकोलच्या मखराचा हौशी कारागीर, विमानतळावर वजनकाट्यापाशी बॅग उघडून लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडे हलवणारा प्रवासी असे अनेक नमुने आढळतात. परंतु हिशोबाची ओढ आणि जेवणाची आस्था या दोन्ही गुणांचा ज्याच्यात पूर्ण संगम झालेला दिसतो, असा नमुना म्हणजे कौटुंबिक सहलीचा नियोजक होय. त्याचे वास्तव्य न्यू जर्सीतील एडिसन, टेक्सासमधील डॅलस किंवा कॅलिफोर्नियातील सनीव्हेल अशा ठिकाणी असते, वय चाळिशीच्या आसपास असते आणि उदरनिर्वाह बहुधा संगणकाशी निगडित असतो. मुलांची शाळा, सोफ्याचा रंग, भारतात कधी जायचे आणि कोणाकडे किती दिवस राहायचे, हे सर्व निर्णय पत्नी घेत असल्यामुळे त्याची नैसर्गिक निर्णयशक्ती वर्षभर साठून राहते. आणि उन्हाळ्यात पुण्याहून किंवा नाशिकहून आईवडील मुक्कामाला आले, मुलांना सुट्टी लागली आणि ऑरलँडोची सहल ठरली, की ही साठलेली शक्ती एकदम मोकळी होते.

ऑरलँडोजवळील वॉल्ट डिस्नी वर्ल्ड हे फ्लोरिडातील मनोरंजननगर १ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंग्डम या एका उद्यानाने सुरू झाले, १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज या नावाने ओळखले जाणारे उद्यान आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंग्डम यांची त्यात भर पडली, आणि आज या संपूर्ण नगराचा विस्तार सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा आहे. एवढ्या विस्तारात दिवसभर पायपीट करणाऱ्या माणसाला भूक लागणार, ही गोष्ट संचालकांच्या ध्यानात अर्थातच होती. त्यातून २००५ मध्ये भोजन-योजना, म्हणजेच 'डायनिंग प्लॅन', अस्तित्वात आली. २०२० च्या साथीत ती बंद पडली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. डिस्नीच्याच हॉटेलात पॅकेज घेऊन उतरणाऱ्या पाहुण्याने जेवणाचे पैसे आगाऊ भरावेत, त्याबदल्यात त्याच्या खात्यावर ठरावीक 'क्रेडिट' जमा व्हावीत आणि प्रत्येक जेवणामागे त्यातले सहसा एक वजा व्हावे, असे तिचे स्वरूप आहे. क्रेडिट म्हणजे एका खाण्याचा हक्क. मग त्या हक्कावर स्वस्त पदार्थ घेतला काय किंवा महाग घेतला काय, वजा एकच होते, आणि नियोजकाच्या पुढील सर्व यातनांचे मूळ या एका नियमात आहे.

योजनेचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक रात्रीमागे माणशी दोन 'क्विक सर्व्हिस' जेवणे, म्हणजे काउंटरवरून स्वतः ताट उचलून आणण्याची जेवणे, आणि एक किरकोळ खाणे मिळते; दुसऱ्यात एक काउंटरचे जेवण, वाढप्याने टेबलाशी आणून द्यायचे एक 'टेबल सर्व्हिस' जेवण आणि एक किरकोळ खाणे मिळते. दोन्हींत पुन्हा पुन्हा भरून घेता येणारा एक मग मिळतो, जो हॉटेलात चालतो आणि उद्यानात चालत नाही. २०२४ साली दुसऱ्या प्रकाराचा दर प्रौढांसाठी दर रात्री ९४.२८ डॉलर आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी २९.६९ डॉलर होता. पहिल्याचा दर अनुक्रमे ५७.०१ आणि २३.८३ डॉलर होता. तीन वर्षांखालील मुलाला योजना लागत नाही आणि ते मोठ्यांच्या ताटातले खाते. दहावे वर्ष पूर्ण झालेला मुलगा मात्र या हिशोबात प्रौढ ठरतो, त्यामुळे बिनसॉसच्या पास्त्याखेरीज कशालाही तोंड न लावणाऱ्या बालकाची किंमत त्या दरांनी एका वाढदिवसाने रात्रीला ६४.५९ डॉलरनी वाढत असे. नियोजकांच्या वर्गात सहली मुलाच्या दहाव्या वाढदिवसाच्या अलीकडे उरकण्याची जी लगबग दिसते, तिचा उगम वात्सल्यात शोधू नये.

नमुन्यादाखल सहा जणांचे कुटुंब घ्यावे: नियोजक, पत्नी, आजोबा, आजी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. पाच प्रौढ व एक मूल या हिशोबाने दुसऱ्या प्रकारच्या योजनेचा २०२४ मधील खर्च रात्रीला ५०१.०९ डॉलर आणि चार रात्रींना २००४.३६ डॉलर होतो. हा आकडा आजोबांसमोर उच्चारला जात नाही, कारण आजोबा तो तत्काळ रुपयांत आणतात आणि एका माणसाच्या एका दिवसाच्या जेवणाला साडेसात हजारांहून अधिक रुपये पडतात हे कळल्यावर पुढचे दोन दिवस "मला तशीही भूक नसते" असे सांगत राहतात. म्हणून नियोजक रात्री उशिरा, सर्व जण झोपल्यावर, 'डिस्नी फायनल नवीन ३' या नावाचे एक्सेलचे पत्रक उघडतो आणि डाव्या बाजूला योजनेचा खर्च व उजव्या बाजूला तेच पदार्थ सुटे घेतल्यास येणारा खर्च मांडतो. उजवी बाजू भरण्यासाठी प्रत्येकाने काय खाल्ले असते हे ठरवावे लागते, आणि ते ठरवताना आपल्या कुटुंबाच्या आहारक्षमतेविषयी नियोजकाचे मत फार उदार होते.

आगाऊ पैसे भरून जेवणे ही कल्पना त्याला मुळीच परकी नसते, कारण शिक्षणाच्या काळात तो पुण्यातील एखाद्या खानावळीत महिन्याचे पैसे भरूनच जेवलेला असतो. त्या खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवले की खाडा धरला जाई, म्हणजे न जेवलेल्या वेळेचे पैसे पुढच्या महिन्याच्या हिशोबात वळते होत. ऑरलँडोच्या योजनेत खाडा नाही. हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सर्व क्रेडिटे नाहीशी होतात आणि त्यांचा परतावा मिळत नाही. योजना दिवसांवर नव्हे तर रात्रींवर मोजली जाते, त्यामुळे चार रात्री व पाच दिवसांच्या सहलीत पाचव्या दिवसाची भूक आधीच्या चारांतून वाचवून ठेवावी लागते. शिवाय एकाच आरक्षणावर खोली घेतलेल्या, तीन वर्षांवरील सर्वांना एकच योजना घ्यावी लागते. सहा जणांसाठी मोठा फॅमिली सूट घेतल्याने खोलीत जे वाचते, ते आजीआजोबांना नको असलेल्या योजनेत खर्ची पडते.

तरीही मनुष्य आगाऊ पैसे का भरतो, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या मानसशास्त्रीय शाखेने दिलेले आहे. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये 'पैसे मोजण्याची वेदना' या संकल्पनेची मांडणी केली. धुलाईयंत्रासारख्या वस्तूचे पैसे लोकांना वापरता वापरता फेडणे चालते, पण सुट्टीचे पैसे आधीच भरून टाकणे त्यांना बरे वाटते, कारण मग सुट्टी फुकट असल्यासारखी उपभोगता येते. सर्वसामान्य माणसाच्या बाबतीत हे निरीक्षण खरे असावे. नियोजकाच्या बाबतीत मात्र वेदना आगाऊ भरूनही संपत नाही, कारण भरलेली रक्कम त्याच्या डोक्यात उघडीच राहते. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये हंगामी नाट्य-तिकिटांच्या प्रयोगातून दाखवून दिले, की ज्यांनी पूर्ण किंमत भरलेली असते ते सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटके पाहतात. परत न मिळणाऱ्या अशा पैशाला बुडीत खर्च म्हणतात, आणि तो वसूल करण्यासाठी माणूस नको असलेली गोष्टही करतो. नाटकात निदान डुलकी काढता येते. चौथ्या दिवशीच्या बुफेत ती सोय नसते.

एकवीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला जेवणासोबत बिअर, वाइन किंवा कॉकटेल यांपैकी एक पेय घेता येते, ही या योजनेची फायदेशीर बाजू समजली जाते, कारण तेथे एका कॉकटेलला सहज पंधरा डॉलर पडतात. चार प्रौढांपैकी आजोबा व आजी घेत नाहीत, पत्नीला नको असते आणि नियोजक स्वतः वर्षातून दोनदा मित्रांच्या आग्रहास्तव घेतो. साहजिकच पत्रकातील पेयांचा संपूर्ण रकाना त्या एकट्याच्या यकृतावर येऊन पडतो. इतरांनी निदान मिल्कशेक तरी घ्यावा म्हणून तो टेबलापाशी "घ्या, ते त्यातच आहे" असे म्हणतो. 'त्यातच आहे' हे या नमुन्याचे ओळखचिन्ह असून सहलीच्या दुसऱ्या दिवसापासून मुले त्याची नक्कल करू लागतात. आजोबा साधे पाणी मागतात. काउंटरवर बर्फाचे पाणी मागितल्यास कोणालाही फुकट मिळते, हे कळल्यावर संपूर्ण सहलीतील त्यांची सर्वांत आवडती गोष्ट तीच ठरते.

शाकाहारी माणसाच्या बाबतीत योजनेचे गणित विशेष अवघड होते, कारण मांसाच्या महाग तुकड्यांना जाते तेच एक क्रेडिट भाजीच्या पदार्थालाही जाते. ॲनिमल किंग्डम लॉजमधील सना या उपाहारगृहात भारतीय धाटणीच्या पाच प्रकारच्या रोट्या आणि त्यांच्यासोबत नऊ चटण्या-तोंडीलावणी मिळतात, असे कळल्यावर आजींचा चेहरा उजळतो. परंतु तो पदार्थ सुरुवातीच्या पदार्थांत मोडतो आणि योजनेच्या जेवणात मुख्य पदार्थ, गोड पदार्थ व पेय एवढेच धरलेले असते. त्यातच संकष्टी चतुर्थी आली, तर आजींचे दिवसभराचे क्रेडिट पडून राहते, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात चतुर्थीचा चंद्र बहुधा रात्री दहाच्याही पुढे उगवत असल्यामुळे उपास सुटण्याच्या वेळी आतषबाजी संपून गर्दी बसकडे धावत असते. नियोजक "आई, या वेळी नाही केलीस तर चालणार नाही का?" असे विचारून पाहतो. "अरे, चौऱ्याण्णव डॉलरसाठी मोडू होय?" हे आजींचे उत्तर त्यांना आकडा आधीपासूनच ठाऊक होता हे सिद्ध करते.

टेबलाची आरक्षणे साठ दिवस आधी, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी सहाला खुली होतात, म्हणजे सनीव्हेलमधील नियोजक त्यासाठी पहाटे तीनला उठतो. सिंड्रेलाच्या किल्ल्यातील उपाहारगृहात मात्र माणशी दोन क्रेडिट लागतात, त्यामुळे मुलीचा हट्ट पुरवला की टेबल सर्व्हिसच्या चोवीसपैकी बारा एका बैठकीत जातात. वाढप्याची टीप योजनेत नसते, आणि सहा किंवा अधिक माणसे असल्यास १८ टक्के टीप बिलात आपोआप लागते. 'सर्व भरलेले आहे' असे सर्वांना बजावून बसलेल्या माणसासमोर बिलाचे चामडी पाकीट येते, तेव्हा तो ते उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो आणि आपण नेमके सहा जण का आलो, या प्रश्नावर क्षणभर विचार करतो.

शेवटच्या सकाळचे दृश्य तर या नमुन्याच्या अभ्यासकाने चुकवू नये. किरकोळ खाण्याची चोवीस क्रेडिटे मिळालेली असतात, फ्लोरिडाच्या उन्हात मुलांनी अननसाचे डोल व्हिप आणि मिकीच्या कानांचे आईस्क्रीम खाऊनही त्यांतली बरीच उरतात, आणि खोली सोडायला तास-दीड तास राहिलेला असतो. नियोजक हॉटेलच्या फूड कोर्टमध्ये हातात फोन घेऊन एकेका पाकिटाची किंमत वाचतो आणि त्यातल्या त्यात महाग असलेली, मिकीच्या आकाराची, मार्शमॅलो घालून केलेल्या कुरमुऱ्यांची वडी भराभर टोपलीत टाकतो. खोलीत गेल्यावर पत्नी पाकिटामागील बारीक अक्षरे वाचून मार्शमॅलोत जिलेटिन असल्याचे, आणि जिलेटिन प्राण्यांपासून काढतात याचे, शांतपणे निदर्शनास आणते. वड्या एडिसनला जातात आणि ऑफिसात वाटल्या जातात.

या सर्व काळात एक समांतर व्यवस्था बिनबोभाट चालू असते. उद्यानात बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई नाही; काचेची भांडी व मद्य नसावे आणि पदार्थ गरम करावा लागू नये, एवढ्याच मुख्य अटी आहेत, आणि तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिवडा व शंकरपाळे या अटी कित्येक पिढ्यांपासून पाळत आलेले आहेत. आजींच्या पिशवीतून हे पदार्थ दुपारी दोन वाजता, रांगेत उभे असताना, बाहेर पडतात आणि सर्वांचे पोट भरते, त्यामुळे चार वाजता मोठ्या प्रयासाने मिळवलेल्या टेबलाशी कोणालाच भूक नसते. पत्रकात पुऱ्यांना रकाना नाही, आणि पत्रक चुकण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

निष्कर्ष असा, की भोजन-योजना वाईट नाही. ती एका ठरावीक कुटुंबासाठी आखलेली आहे. ज्या घरात मुले दहा वर्षांच्या आतली आहेत, मोठी माणसे रोज एकदा निवांत बसून सामिष जेवतात व सोबत पेय घेतात, आणि मिकी-मिनीच्या वेशातील पात्रे टेबलापाशी येणाऱ्या, माणशी साठ डॉलरच्या वर जाणाऱ्या बुफेत ज्यांना एरवीही जायचेच होते, त्यांचे पैसे वसूल होतात आणि खर्चाची रक्कम आधी कळल्याचे समाधानही मिळते. शाकाहारी, निर्व्यसनी, उपासकरू आणि पिशवीधारी कुटुंबाने सुटे पैसे देऊन जेवावे. आईवडिलांची खोली वेगळ्या आरक्षणावर घेतल्यास त्यांना योजनेबाहेर ठेवता येते, हेही लक्षात असू द्यावे. दर वर्षागणिक बदलतात, म्हणून चालू दर पाहूनच आकडेमोड करावी. मात्र पत्रक उघडण्याआधी घरातील प्रत्येकाला 'तिथे रोज काय खाणार?' एवढे विचारावे, आणि सहापैकी चौघांनी 'बघू तेव्हा' असे उत्तर दिल्यास पैसे आगाऊ भरू नयेत.